मका, चुना आणि मिरची : टॅको सॅलडची कुळकथा

परक्या मुलखातील एखादा पदार्थ आपल्या घरी येतो तेव्हा त्याचे नाव आधी येते, चव मागाहून येते आणि कुळकथा बहुधा वाटेतच राहून जाते. टॅको सॅलडचे असेच झाले आहे. इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत आपल्या मुलानातवंडांच्या तोंडी टॅको, नाचो, साल्सा ही नावे आता रुळली आहेत. मक्याच्या त्रिकोणी कुरकुरीत चकत्यांची पुडकी कोपऱ्यावरच्या दुकानातही टांगलेली दिसतात. घरातील वडील मंडळी मात्र ‘हे काहीतरी अमेरिकन खाणे’ असे म्हणून त्याकडे पाठ फिरवितात. तसे करू नये, असे मला वाटते. ज्या समाजाने हे खाणे सांभाळले त्याची हकीकत महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांनी अवश्य ऐकावी अशी आहे.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. मेक्सिकोत मक्याच्या पातळ भाकरीला तोर्तिया म्हणतात. तिच्यात मांस, राजम्याची उसळ किंवा भाजी घालून ती दुमडली की झाला टॅको. तोच ऐवज भाकरीत न भरता चिरलेल्या सॅलडच्या पानांवर पसरावा, त्यावर टोमॅटो, कांदा, किसलेले चीज आणि आंबवलेली साय यांचे थर द्यावेत व माथ्यावर मक्याच्या तळलेल्या चकत्या घालाव्यात, म्हणजे टॅको सॅलड तयार होते. एकाच घासात गरम आणि गार, तिखट आणि आंबट, मऊ आणि कुरकुरीत यांचा मेळ घालणे हे त्याचे मर्म. भेळ-मिसळीवर वाढलेल्या माणसाला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

सीमा हलली, माणसे राहिली

टेक्सस, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया ही आजची अमेरिकन राज्ये एके काळी स्पेनच्या आणि १८२१ नंतर मेक्सिकोच्या अमलाखाली होती. १८३६ साली टेक्सस मेक्सिकोपासून फुटून निघाले आणि १८४५ साली अमेरिकेत सामील झाले. पुढे दोन्ही देशांत युद्ध जुंपले आणि २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो येथे झालेल्या तहाने उरलेला बहुतेक उत्तर भागही अमेरिकेकडे गेला. रिओ ग्रांदे नदी ही टेक्ससची सरहद्द ठरली. हजारो स्पॅनिशभाषक कुटुंबे आपल्या अंगणातून न हलता दुसऱ्या देशाची रहिवासी झाली. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेने आम्हांला ओलांडले,’ अशा अर्थाचे वचन त्यांच्यात आजही ऐकू येते.

राज्य बदलले की पाठोपाठ शाळा बदलते. १९१८ साली टेक्ससमध्ये असा कायदा झाला की, सरकारी शाळेत शिक्षकाने इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकविणे हा दंडनीय अपराध ठरावा. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. ही स्थिती पालटावयास १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. जन्मभर शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा इतिहास वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते : फळ्यावरून पुसली गेलेली भाषा चुलीपुढे टिकून राहिली. त्या घरांतून पाट्याला ‘मेताते’, तव्याला ‘कोमाल’ आणि दगडी खलाला ‘मोलकाहेते’ म्हणत राहिले. हे शब्द स्पॅनिशच्याही आधीच्या, आस्तेकांच्या नावात्ल भाषेतून आलेले आहेत. दोन राजवटी गेल्या, पण पाट्याचे नाव गेले नाही. त्याचे कारण एवढेच की, तो पाटा रोज वापरात होता.

चौकातून कारखान्यात

टेक्ससमधील सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संध्याकाळी मेक्सिकन बायका कंदील लावून बसत आणि मिरचीत शिजविलेले मांस व तोर्तिया विकत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’, म्हणजे मिरचीच्या राण्या, म्हणत. १९३० नंतर आरोग्यखात्याच्या नियमांपुढे त्यांचा धंदा बसला. तोवर त्यांची चव मात्र डब्यात शिरली होती. विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थाने १८९० नंतरच्या दशकात त्याच भागात मिरचीपूड व अन्य मसाले यांचे तयार मिश्रण विकावयास प्रारंभ केला होता. १९३२ साली सॅन अँटोनियोतच चार्ल्स एल्मर डूलिन याने गुस्ताव्हो ओल्गिन या मेक्सिकन माणसाकडून मक्याच्या तळलेल्या पट्ट्यांची कृती व साधने शंभर डॉलरांना विकत घेतली आणि त्यातून ‘फ्रिटोज’ हा मोठा उद्योग उभा राहिला.

याच कंपनीने १९५५ साली, डिस्नेलँड उघडले त्याच वर्षी, तेथे एक उपाहारगृह चालू केले. मक्याच्या कुरकुरीत वाटीत टॅकोचे सारण घालून ते तेथे विकले जाई. टॅको सॅलडचा हा एक पूर्वज मानला जातो. उरलेल्या तोर्तिया फेकून न देता त्यांचे तुकडे तळण्याची कल्पनाही याच उपाहारगृहात निघाली व त्यातून पुढे ‘डोरिटोज’ जन्मले, असे सांगतात. मेक्सिकोतील गृहिणींना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. शिळ्या तोर्तियाचे तुकडे तळून त्या पूर्वीपासूनच खात आल्या होत्या. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकतो, त्याच जातीची ही काटकसर.

वस्तू गेली, विद्या मागे राहिली

आता या पदार्थाच्या मुळाशी असलेल्या मक्याकडे वळू. दक्षिण मेक्सिकोत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून माणसाने मका सिद्ध केला. तेथील स्त्रिया मका नुसता दळत नाहीत. वाळलेले दाणे खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि मग ओलेच वाटतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येऊन भाकरी मोडत नाही, एवढेच कोणी वरवर म्हणेल. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेले असते की ते शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. भाकरीत कॅल्शियमची भर पडते ती वेगळीच.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, परंतु चुन्याचा संस्कार नेला नाही. परिणाम काय झाला? स्पेन व इटलीतील मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत अठराव्या शतकात एक भयंकर रोग दिसू लागला. कातडी काळवंडून सोलली जाई, पोट बिघडे, बुद्धिभ्रंश होई आणि अखेर मृत्यू येई. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारोंचे बळी घेतले. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ पासून झटून हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हे दाखवून दिले. पुढे १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम याने नायसिनचा गुण सिद्ध केला. मेक्सिकोतील शेतकरी शतकानुशतके मक्यावर जगला, परंतु चुन्याने त्याला तारले. चुना का घालावयाचा, हे तेथील आजीबाईला शास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते. पण तिने तो कधी वगळला नाही आणि नातीलाही वगळू दिला नाही.

मिरचीचा प्रवास मात्र सुखाचा झाला. तीही मूळची मेक्सिकोकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात उतरली आणि मिरी-पिंपळीवर भागविणाऱ्या आपल्या स्वयंपाकघराची मालकीण झाली. उलट दिशेने स्पॅनिश लोकांबरोबर जिरे, कोथिंबीर, कांदा व लसूण मेक्सिकोत गेले. टॅकोच्या मसाल्यात जिऱ्याचा वास येतो तेव्हा तो ओळखीचा वाटतो, याचे कारण हेच.

घरी कसे करावे

मूळ अमेरिकन पद्धतीत खिमा असतो व तो बहुधा गोमांसाचा. आपल्याकडे राजमा उत्तम लागतो, आणि राजमाही अमेरिका खंडातलाच आहे. मांसाहारी घरांतून मटणाचा खिमा याच मसाल्यात करावा.

साहित्य (चार माणसांसाठी) : राजमा १ वाटी, कांदे ३, लसणीच्या पाकळ्या ६, टोमॅटो ५, लाल तिखट २ चहाचे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड दीड चमचा, ऑरेगॅनो अर्धा चमचा (पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या चालतील), उकडलेले मक्याचे दाणे १ वाटी, सॅलडची पाने किंवा कोवळा कोबी ४ वाट्या, १ काकडी, हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर, १ लिंबू, पाण्याचा अंश निथळलेले घट्ट दही १ वाटी, किसलेले चीज अर्धी वाटी, मक्याच्या चकत्या, तेल व मीठ.

कृती : राजमा आठ तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवावा. कच्चट राजमा पोटाला बाधतो, तेव्हा येथे घाई नको. तेलात दोन कांदे व लसूण परतून तिखट, जिरेपूड व ऑरेगॅनो घालावे. मसाला करपण्यापूर्वी तीन टोमॅटो बारीक चिरून घालावेत. तेल सुटले की राजमा व मीठ घालून काही दाणे पळीने ठेचावेत आणि मिश्रण जवळजवळ कोरडे होईपर्यंत आटवावे. उरलेले दोन टोमॅटो बिया व रस काढून चिरावेत. त्यांत तिसरा कांदा, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर व लिंबाचा रस घालावा. हा झाला साल्सा. त्यात मीठ वाढण्याच्या वेळीच घालावे.

चकत्या विकतच्या चालतात. घरी करावयाच्या असल्यास दोन वाट्या मक्याचे पीठ, अर्धी वाटी कणीक, चमचाभर तेलाचे मोहन व मीठ घेऊन गरम पाण्याने घट्ट भिजवावे. पातळ लाटून काट्याने टोचावे, त्रिकोणी कापून मध्यम आचेवर तळावे. तेलातले बुडबुडे थांबले म्हणजे आतला ओलावा गेला असे समजावे. हौस असणाऱ्यांनी चुन्याची मूळ रीतही करून पाहावी : अर्धा किलो वाळल्या मक्याला दीड लिटर पाणी व साधारण पाच ग्रॅम खाण्याचा चुना घेऊन पाऊण तास उकळावे, रात्रभर ठेवावे, सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावे व वाटावे. त्याच्या पातळ भाकऱ्या थापून तव्यावर भाजाव्यात, थोड्या सुकू द्याव्यात व मग त्यांचे तुकडे तळावेत. यासाठी अल्युमिनियमचे भांडे वापरू नये, चुना ते खातो. स्टीलचे भांडे घ्यावे.

वाढताना पाने धुऊन अगदी कोरडी करून बशीत पसरावीत. त्यांवर कोमट राजमा, मक्याचे दाणे, काकडी, साल्सा, दही व चीज असा क्रम ठेवावा. चकत्या सर्वांत शेवटी, पाहुणा पानावर बसल्यावर घालाव्यात. इंदुरात पोह्यांवर शेव कधी घालतात हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण ठाऊक आहे. मीठ भाज्यांतील पाणी बाहेर ओढते, आणि सुकी तळलेली वस्तू तेच पाणी शोषून घेते. पाच-दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. तिखट अधिक झाल्यास पाणी प्यावयास देऊ नये, दही द्यावे. मिरचीतील झोंबणारे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, पण दुधातुपातील स्निग्धांश त्याला आवरतो.

आपल्या घरासाठी

मक्याच्या या कथेतून आपणही काही घ्यावे. अळूच्या भाजीत चिंच का, जोंधळ्याच्या पिठाला उकळीचे पाणी का, या प्रश्नांची उत्तरे आपल्या घरांत अजून हयात आहेत, पण ती कागदावर क्वचितच उतरलेली असतात. चिंच चुकली तर अळू घशाला खाजते, हे एकदा कळले की पोरांना ते जन्मभर आठवते. नुसता ‘थोडी चिंच’ असा शब्द वहीत लिहून ठेवला तर पुढच्या पिढीतील कोणीतरी ती अनावश्यक समजून गाळील. पदार्थाच्या नावाबरोबर त्याचे कारण लिहावे, आणि कारणाबरोबर पाटा, वरवंटा, मोहन, आधण, फोडणी हे शब्दही मुलांच्या कानांवर पडू द्यावेत. महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलांना शाळेत मराठी मिळतेच असे नाही. स्वयंपाकघरात ती रोज मिळू शकते.

म्हणून मुलांनी टॅको सॅलडचा हट्ट धरला तर तो अवश्य पुरवावा. राजमा त्यांना निवडू द्यावा, जिरे भाजू द्यावे, आणि हात चालू असता मक्याची व चुन्याची ही गोष्ट मराठीतून सांगावी. शेवटी चकत्या चुरून घालण्याचा मान मात्र घरातल्या सर्वांत धाकट्याला द्यावा.