वेदनाशामकांचे व्यसन : जडण आणि सुटका

मद्यपानाविषयी आपल्या मंडळ्यांमधून पुष्कळ बोलले जाते. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधातून जडणाऱ्या व्यसनाविषयी क्वचितच. मद्याची बाटली घरात लपवून आणावी लागते, तर औषधाची गोळी चिठ्ठीसह, राजरोसपणे येते. असा व्यसनग्रस्त मनुष्य पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी पाळकाकडे किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडे येतो. त्याच्या दुखण्याचे स्वरूप काय, आणि हितबुद्धीने दिलेल्या सल्ल्यानेही त्याचा जीव कसा धोक्यात येऊ शकतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. डोकेदुखीवर घेतली जाणारी पॅरासिटामॉलसारखी औषधे या वर्गात मोडत नाहीत. येथे अफूवर्गीय औषधांचा विचार कर्तव्य आहे. मॉर्फीन व कोडीन ही प्रत्यक्ष अफूपासून निघतात. ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल इत्यादी प्रयोगशाळेत तयार होतात. माळव्यातील वाचकांना अफूची शेती अपरिचित नाही. मंदसौर व नीमच या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच येथील सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते. मरणासन्न रुग्णाची वेदना शमविणारे आणि निरोगी मनुष्याला जखडणारे द्रव्य एकाच बोंडातून येते.

व्यसन कसे जडते?

मेंदूतील पेशींवर ही द्रव्ये स्वीकारणारी विशिष्ट स्थाने असतात, हे १९७३ साली सिद्ध झाले. पुढे १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी शरीर स्वतःच निर्माण करीत असलेली वेदनाशामक द्रव्ये शोधून काढली. म्हणजे बाहेरून घेतलेली गोळी शरीरातील एका जुन्याच व्यवस्थेचा ताबा घेते. तिने वेदना शमते, मनाला स्वस्थता येते आणि श्वासोच्छ्वास मंदावतो.

गोळी नित्य मिळू लागली की पेशी तिला सरावतात. पूर्वीच्या मात्रेने भागत नाही, मात्रा वाढते. गोळी चुकली तर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हगवण, अंगदुखी, अनिद्रा व जिवाची तगमग सुरू होते. हे शरीराचे अवलंबन होय. ते काही आठवडे औषध घेणाऱ्या कोणाही रुग्णाला येऊ शकते आणि तेवढ्यावरून त्याला व्यसनी म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेदना सरल्यावरही जेव्हा मन त्या गोळीभोवतीच फिरू लागते, पैसा, नोकरी व नाती गमावूनही ती सोडवत नाही, तेव्हा त्यास व्यसन म्हणावे. या टप्प्यावर मनुष्य सुखासाठी गोळी घेतो असे नव्हे. बहुधा तो तगमग टाळण्यासाठीच ती घेत असतो.

अमेरिकेचा अनुभव

ही प्रक्रिया एका सबंध राष्ट्रात कशी घडली, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. १९८० साली तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना ते जडल्याची नोंद त्यात होती. रुग्णालयातील देखरेखीखालच्या रुग्णांविषयीचे हे निरीक्षण पुढे, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू असल्याप्रमाणे उद्धृत होऊ लागले. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. तिच्यापासून व्यसनाचा धोका कमी आहे, असे सांगून तिचा प्रसार करण्यात आला. या खोट्या प्रचाराबद्दल कंपनीच्या एका शाखेने २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य घरांत हे व्यसन शिरले होते.

पुढील घटनाक्रम विशेष बोधप्रद आहे. २०१० साली ती गोळी सहजासहजी कुटता येऊ नये अशी बनविण्यात आली. गोळी दुर्मिळ झाली, व्यसन मात्र कायम राहिले. पुष्कळजण हेरॉइनकडे वळले आणि त्यामागून बेकायदा फेंटॅनिल आले. २०२२ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२४ साली ही संख्या सुमारे ऐंशी हजारांवर उतरली. केवळ वस्तू हिरावून घेतल्याने मनुष्य सुटत नाही, हा या अनुभवाचा धडा आहे.

सुटकेचा मार्ग

आपल्याकडील सर्वसाधारण समजूत अशी, की मनोनिग्रह करून गोळ्या एकदाच्या फेकून द्याव्या, आठ दिवस सोसावे, म्हणजे झाले. तगमग बहुधा आठवड्याभरात ओसरते, हे खरे. परंतु सर्वांत मोठा धोका त्यानंतरच असतो. काही दिवस वा आठवडे गोळी बंद राहिली की शरीराचा सराव मोडतो. ओढ मात्र मोडलेली नसते. अशा वेळी मनुष्याने जुनीच मात्रा पुन्हा घेतली, तर त्याचा श्वास थांबू शकतो. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मृत्यू येण्याचा धोका त्यांच्या बाबतीत सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट आढळला. त्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण मोडलेला सराव हेच मानले जाते.

यास्तव ज्याच्या शरीराला सवय झाली आहे त्याची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. जेथे व्यसन पक्के झाले आहे तेथे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे दीर्घकाळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, दिली जातात. मेथाडोनचा असा उपयोग डोल व निस्वॉन्डर या डॉक्टरांनी न्यूयॉर्क येथे १९६४ साली आरंभिला. ही औषधे ओढ शमवितात आणि मनुष्याला कामावर व घरी परतू देतात. हे उपचार चालू असताना मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. एक व्यसन सोडवून दुसरे लावले, असा आक्षेप यावर घेतात. परंतु मधुमेही मनुष्य रोज इन्सुलिन घेतो म्हणून त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. अतिसेवनाने श्वास मंदावलेल्या मनुष्याला नॅलॉक्सोन हे औषध वेळीच दिल्यास तो वाचू शकतो.

औषधाइतकीच सोबतीची आवश्यकता असते. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे मद्यपाश्यांची परस्पर-साहाय्याची चळवळ सुरू झाली; १९५३ साली तिच्याच धर्तीवर अमली द्रव्यांच्या व्यसनींची संघटना निघाली. पुण्यात १९८६ साली, गर्दने तरुणांना ग्रासले असताना, डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभारले. उपचारानंतरही मनुष्याचा पाठपुरावा करावा लागतो, हे अशा संस्थांच्या कार्याने महाराष्ट्रास दाखविले.

आपले कर्तव्य

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करतात. त्यांत औषधी गोळ्या वापरणारे शेकडा एक लोकसंख्येच्या आसपास आहेत. ट्रॅमाडॉलवर २०१८ साली कठोर निर्बंध आले. याउलट, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फीन मिळेनासे झाले होते. ती अडचण कमी करण्यासाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तेव्हा व्यसनाच्या भयाने मरणोन्मुख मनुष्यास वेदनेत तळमळत ठेवणे, हाही दोषच होय.

पाळकाने किंवा आप्तांनी अशा मनुष्याकडून गोळ्या तत्काळ सोडण्याची शपथ घेववू नये. प्रार्थना व औषधोपचार यांत विरोध नाही. चालू उपचार सोडणे हे श्रद्धेचे प्रमाण मानू नये. त्याला डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. उरलेल्या गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीच्या हाती ठेवाव्या. पुन्हा घसरण झाली तर ती आजाराची उलट समजावी आणि त्याच दिवशी उपचारांकडे वळावे. लाजेने घसरण लपविणारा मनुष्य एकांतात गोळी घेतो, आणि एकांतात श्वास थांबला तर हाक ऐकणारे कोणी नसते. म्हणून ज्याच्यापाशी निःसंकोचपणे बोलता येईल असे एक तरी घर त्याला उपलब्ध असावे.