स्विम स्पा घेताय? एचपी नव्हे, प्रवाहाची रुंदी विचारा

घरी व्यायामासाठी स्विम स्पा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती एचपीचा?’ विकणारा सांगतो, पाच-पाच एचपीचे तीन पंप. घेणारा मनात बेरीज करतो, पंधरा एचपी, म्हणजे प्रवाह दणकट, म्हणजे पोहायला उत्तम. लाखो रुपयांचा व्यवहार या एका बेरजेवर ठरतो आणि ती बेरीजच चुकीची आहे.

स्विम स्पामध्ये समोरून येणाऱ्या पाण्याविरुद्ध आपण जागच्या जागी पोहतो. त्यासाठी दोन्ही खांदे, हात आणि पोट एकसारख्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात हवेत. म्हणजे महत्त्व प्रवाहाच्या रुंदीला आणि खोलीला आहे. जेट पद्धतीत पंप लहानशा नोझलमधून पाणी जोरात फेकतो. ते भोवतालच्या संथ पाण्यावर आदळतं आणि त्यातली बरीच ताकद भोवरे आणि फेस करण्यात संपते. छातीवर मारा बसतो, हात मात्र बाहेरच्या संथ पाण्यात फिरत राहतात, आणि अंग जरा कललं की प्रवाह भिंतीकडे लोटतो. प्रोपेलर पद्धतीत पंखा कमी वेगाने पण भरपूर पाणी ढकलतो. पुढे जाळी नीट बसवलेली असेल तर प्रवाह रुंद आणि गुळगुळीत येतो.

हिशोबच करून पाहू. १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल प्रवाह सेकंदाला १ मीटर वेगाने वाहतो आहे असं धरा. त्याच्याविरुद्ध टिकणं म्हणजे १०० मीटर १ मिनिट ४० सेकंदांत पोहणं. हौशी माणसाला हा वेग भरपूर झाला. एवढं पाणी त्या वेगाने वाहायला तत्त्वतः २५० वॉट शक्ती लागते. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा हे झालं जेमतेम एक तृतीयांश एचपी. यंत्रणेतली तूट बरीच धरली तरी पंधरा एचपीशी याचा मेळ बसत नाही. शिवाय त्याच यंत्रणेत वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. म्हणून तीनऐवजी पाच एचपी घेतल्यावर प्रवाहाचा वेग वाढतो तो फार तर १९ टक्के.

आणि ते पंधरा एचपी तरी खरे असतात का? पंधरा एचपी म्हणजे ११ किलोवॉटहून जास्त. त्याच कोटेशनच्या तळाशी ‘३२ अँपिअर, सिंगल फेज’ असं लिहिलेलं असेल, तर २३० व्होल्टला त्या लाइनमधून जेमतेम ७.४ किलोवॉट मिळतात, आणि त्यातच हीटरही चालवायचा असतो. अशा वेळी छापलेला एचपी हा मोटर क्षणभर जास्तीत जास्त किती रेटू शकेल याचा आकडा असतो, तासभर चालताना मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे. मोटरवरची पाटी वाचा, अँपिअर बघा. विहिरीवर मोटर बसवणारा शेतकरी नुसत्या एचपीवर सौदा करत नाही, हेड (पाणी किती उंच चढतं) आणि डिस्चार्ज (किती पाणी मिळतं) विचारतो. इथेही तेच विचारायचं: प्रवाह किती रुंद, किती खोल, वेग किती, आणि तो कमी-जास्त करता येतो का?

कोरड्या टाकीत बसून तर सौदा अजिबात करू नका. पाणी भरलेल्या स्पामध्ये किमान पंधरा मिनिटं सलग पोहून बघा. श्वास घेताना तोंडावर बुडबुडे येतात का, पाय खाली ओढले जातात का, हे पाचव्या मिनिटाला आपोआप कळतं. जो विक्रेता अशी चाचणी करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचे समज थोडक्यात. ‘सकाळी पोहू, संध्याकाळी त्याच गरम पाण्यात शेकू’ हे जमत नाही. स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंशांचं असतं, शेकायला ३८-४० लागतं. ६००० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे ७० युनिट वीज लागते; ३ किलोवॉटचा हीटर जवळजवळ अख्खा दिवस चालेल. दोन्ही हवं असेल तर दोन कप्प्यांचं मॉडेल बघा. ‘क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ’ हे नेमकं उलट आहे. क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी प्रक्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात, तो वास त्यांचा. ‘पोहण्याने हाडं बळकट होतात’ हेही अर्धवट. हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंना फायदा होतो, पण हाडांना शरीराचं वजन पेलणारा व्यायाम लागतो. चालणं आणि वजन उचलणं सोडू नका.

राहिली गच्ची. ‘वर पाण्याची टाकी असतेच की, मग स्पा का नको?’ असं लोक सहज विचारतात आणि ऐकून काळजाचा ठोका चुकतो. १.२ मीटर खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला १२०० किलो होतो. स्पाचं आणि माणसांचं वजन वेगळंच. इमारतींवरच्या भारांसाठीचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात वावराच्या गच्चीसाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. इमारतीची टाकी मुळातच तिच्यासाठी काढलेल्या कॉलम-बीमवर उभी असते, मोकळ्या स्लॅबवर नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, आणि बंगल्याला अंगण असेल तर जमिनीवर काँक्रीटचा बेड टाकून स्पा तिथेच बसवा.