त्याला विचारलं का?

शनिवारी सकाळी माझा नागपूरला फोन असतो. इथे बीव्हर्टनला साडेनऊ, तिकडे रात्रीचे दहा. १ जुलै २०२३ च्या शनिवारी बाबांशी बोलत होते, तेवढ्यात मुलगा जिन्यावरून खाली आला आणि पायरीवरच थांबला. "आई, डेमने ट्रेड मागितला."

बाबांनी ते फोनमधून ऐकलं. कोणी काय मागितलं, म्हणाले. मी सांगितलं, आमच्या पोर्टलंडच्या बास्केटबॉल टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू, डेमिअन लिलार्ड, त्याने दुसऱ्या गावी बदली मागितलीय.

बदली हा शब्द मी सहज वापरला, पण तोच बरोबर होता. बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली. वर्धा, चंद्रपूर, मग नागपूर. उन्हाळा लागला की आमच्या घरात कुजबुज सुरू व्हायची: यंदा ऑर्डर निघणार का, कुठली निघणार, साहेब कोणाचं ऐकतात. शिपायाला आधी कळायचं, मॅनेजरला नंतर. चौथीतून पाचवीत जाताना माझी शाळा सुटली, ती अशाच एका कुजबुजीनंतर. म्हणून इथे लोक ट्रेडच्या अफवांवर तासन्‌तास भांडतात, तेव्हा मला ते रिकामटेकडेपणाचं वाटत नाही. आपलं कोण राहणार आणि कोण जाणार, हे ते बोलत असतात.

"मागितली म्हणजे?" बाबांनी विचारलं. "एरवी त्याला विचारत नाहीत?"

नाही विचारत. एनबीए या बास्केटबॉलच्या लीगमध्ये करार टीमच्या हातात असतो. टीमने ठरवलं तर खेळाडू आज पोर्टलंडचा, उद्या डेट्रॉइटचा. बदली नको म्हणण्याचा हक्क करारात लिहून घेता येतो, पण तो फार थोड्यांना मिळतो. लिलार्डकडे तो नव्हता.

तो इथे आला तोही एका सौद्यातूनच. मार्च २०१२ मध्ये आमच्या टीमने, ब्लेझर्सनी, जेराल्ड वॉलेस हा खेळाडू नेट्स या टीमला दिला आणि बदल्यात नेट्सची पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड घेतली. ड्राफ्ट म्हणजे नव्या मुलांची दरवर्षीची निवड. ती पाळी सहावी निघाली, आणि वेबर स्टेट या छोट्या कॉलेजात खेळलेला ओकलंडचा मुलगा पोर्टलंडला आला. २०१४ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या ०.९ सेकंदात त्याने बॉल टाकला आणि मालिका जिंकली. २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सदतीस फुटांवरून टाकला, बेल वाजताना तो जाळीत होता, आणि त्याने समोरच्या टीमला हात हलवून निरोप दिला. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक अंगणात येऊन ओरडत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका मॅचमध्ये एकाहत्तर गुण. अकरा सीझन एकाच गावात. चॅम्पियनशिप मात्र नाही. पोर्टलंडला ती एकदाच मिळालीय, १९७७ मध्ये.

तर तो उन्हाळा. लिलार्डला मायामीलाच जायचं होतं, आणि त्याचा एजंट हे उघड सांगत होता. मायामी देऊ शकेल असं जे बोललं जात होतं, त्यात मुख्य नाव टायलर हिरोचं. चांगला खेळाडू, पण गार्ड, म्हणजे लिलार्डच्याच जागेवर खेळणारा. आमच्याकडे आधीच अँफर्नी सायमन्स, शेडन शार्प, आणि आठवडाभरापूर्वीच तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला एकोणीस वर्षांचा स्कूट हेंडरसन. सगळे गार्ड. घरात तीन कुकर असताना चौथा आणण्यासारखं, असं मी मुलाला म्हणाले. तो म्हणाला, चौथा विकून टाक आणि तिसरीच टीम मध्ये घाल. सोळाव्या वर्षी त्याला हे सगळं तोंडपाठ होतं.

मी हिशेबाचं काम करते. मला या खेळाची ही बाजू ओढून घेते, ती का ते सांगते. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परत आला तो रोख रकमेवर. इथे नुसते पैसे टाकून खेळाडू उचलता येत नाही. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या टीमला जेवढ्या पगाराचा माणूस घ्यायचा, साधारण तेवढ्याच पगाराची माणसं द्यावी लागतात. लिलार्डचा त्या वर्षीचा पगार साडेचार कोटी डॉलरच्या वर, करार २०२७ पर्यंत. म्हणजे जो कोणी त्याला घेणार, त्याला तीन-चार खेळाडूंचा पगार गोळा करून पाठवावा लागणार. वर पुढच्या वर्षांच्या ड्राफ्ट निवडी. त्यातही अटी: देणारी टीम फारच वाईट खेळली आणि पाळी अगदी वरची निघाली तर निवड तिच्याकडेच राहील, अशी संरक्षक अट घालता येते. अट नसलेली निवड म्हणजे सोनं. या गणितात न बसणारी अफवा मी ऐकून सोडून देते. बसणारी असेल तर एकच प्रश्न विचारते: ही बातमी बाहेर आल्याने भाव कोणाचा वाढतो? मायामीशिवाय कुठेच तो खेळणार नाही, ही बातमी पसरली की बाकीच्या टीम मागे सरतात आणि मायामीला स्वस्तात मिळतो. जुलैअखेर लीगनेच सगळ्या टीमना लेखी कळवलं, की करार पाळणार नाही असं खेळाडूने किंवा एजंटने सुचवलं तर कारवाई होईल.

आमच्या शेजारचे आजोबा सत्याहत्तरची मिरवणूक बघितलेले. संध्याकाळी ओट्यावर बसतात. मुलगा आणि ते रोज भांडायचे. मुलाचं म्हणणं, मिळेल तेवढं वसूल करा, भावना बाजूला ठेवा. आजोबा क्लाइड ड्रेक्सलरचं उदाहरण द्यायचे. नव्वद आणि ब्याण्णव साली अंतिम फेरीपर्यंत नेणारा हा खेळाडूही चॅम्पियनशिपसाठी जायला निघाला होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्लेझर्सनी त्याला ह्यूस्टनला, त्याच्या स्वतःच्या गावी पाठवलं, आणि त्याच जूनमध्ये तो जिंकला. "आम्ही त्याला घरी पाठवलं, आणि आम्हाला बरं वाटलं," असं आजोबा म्हणायचे. मग डेमला मायामी का नाही?

मॅक्स ट्रेनमध्ये लिलार्डची शून्य नंबरची जर्सी घातलेली माणसं त्याला गद्दार म्हणताना मी ऐकलीत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अकरा वर्षं दिल्यावर माणसाने एकदा बोट दाखवलं तर तो गद्दार होत नाही. पण आजोबांचंही मला पुरतं पटलं नाही. गाव फक्त खेळाडूचं देणं लागत नाही. स्कूटचं, शार्पचं, पुढची दहा वर्षं तिकीट काढून येणाऱ्या पोरांचंही लागतं. म्हणून जनरल मॅनेजर जो क्रोनिन थांबून राहिले, तेव्हा बरेच लोक चिडले होते, मी नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात टोरांटोचं नाव जोरात आलं.

२७ सप्टेंबर, बुधवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती घरात होते, मी मोदकांचं सारण ढवळत होते. मुलगा ओरडत आला, "मिलवॉकी!" मायामी नाही, टोरांटो नाही. तीन टीमचा सौदा होता. लिलार्ड मिलवॉकीला, आमच्याकडे जरू हॉलिडे, फिनिक्सचा डिआंद्रे एटन, टुमानी कमारा नावाचा बावन्नाव्या क्रमांकाचा पोरगा, मिलवॉकीची २०२९ ची बिनअटीची निवड, आणि २०२८ व २०३० मध्ये पाळी बदलून घेण्याचा हक्क. चार दिवसांत हॉलिडे बॉस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात आणखी दोन खेळाडू, दोन निवडी आल्या. मी सारणाचा गॅस बंद करायला विसरले.

जानेवारीच्या शेवटच्या रात्री लिलार्ड मिलवॉकीच्या जर्सीत आमच्या मोडा सेंटरला खेळायला आला. आम्ही अगदी वरच्या रांगेत होतो. नाव पुकारल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं आणि बराच वेळ बसलंच नाही. ट्रेनमध्ये त्याला शिव्या घालणारेही त्यात असतील. मी मुलाकडे बघितलं, तो रडत होता, आणि मी काही बोलले नाही.

पुढे कोणी कल्पिलं नव्हतं तसं झालं. सौद्यात शेवटचा म्हणून आलेला कमारा २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचाव करणाऱ्यांच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. त्याचं नाव तीन महिन्यांच्या भांडणात ओट्यावर एकदाही निघालं नव्हतं. हॉलिडे बॉस्टनसाठी २०२४ ची चॅम्पियनशिप जिंकून २०२५ च्या उन्हाळ्यात दुसऱ्याच सौद्यातून पोर्टलंडला परतला. आणि लिलार्ड? एप्रिल २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध खेळताना त्याच्या टाचेची अकिलीस शीर तुटली. मिलवॉकीने जुलैत त्याचा करारच सोडून दिला. त्याच महिन्यात तो पोर्टलंडला परत आला. तीन वर्षांचा, चार कोटी वीस लाख डॉलरचा करार, आणि पहिलं वर्ष पाय बरा करण्यात जाणार हे दोघांनाही माहीत.

मुलगा आता कॉलेजात आहे, त्याने फोन केला. मी लगेच नागपूरला लावला. बाबांना दोन वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं, त्यांनी पायाचं विचारलं, पगाराचं विचारलं. मी सांगितलं, या वेळी त्याने करारात लिहून घेतलंय, त्याच्या मर्जीशिवाय कुठेही पाठवता येणार नाही.

"म्हणजे आता त्याला विचारावं लागेल," बाबा म्हणाले.

"हो बाबा."

"लेखी आहे ना?"