गाळाने घडवलेलं अभयारण्य

ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी नाशिक शहर मागे टाकून निफाड तालुक्यात उतरते, तोवर दारणा तिला मिळालेली असते. पुढे दिंडोरीकडून कादवा येते. या संगमाच्या थोडं खाली, नांदूर मध्यमेश्वरला, शंभरेक वर्षांपूर्वीचा दगडी बंधारा उभा आहे. पावसाळ्यात ‘नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग’ ही बातमी वाचून पैठणपर्यंतचे लोक जायकवाडीचा हिशोब मांडतात, तो हाच बंधारा. थंडीत मात्र त्याच्या मागचं पाणी पक्ष्यांचं असतं.

बंधारा पक्ष्यांसाठी बांधलेला नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन होरपळला, त्यानंतर सिंचन आयोग बसला आणि अवर्षणाच्या पट्ट्यात कालवे नेण्याच्या कामांना जोर आला. गोदावरीचे कालवे त्याच काळातले. इगतपुरी तालुक्यात दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं. तिथे साठवलेलं पाणी नदीतून खाली सोडायचं, नांदूरला अडवून पातळी वाढवायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे वळवायचं, अशी ही व्यवस्था. म्हणजे बंधाऱ्याचं काम पाणी वळवण्याचं. भिंत बुटकी, मागे पसरलेला फुगवटा उथळ.

नदी दर पावसाळ्यात गाळ घेऊन येते आणि संथ झालेल्या पाण्यात टाकून जाते. बंधाऱ्यामागे त्याचे थर चढले, बेटं वर आली, त्यांवर पाणकणीस माजलं, काठाला बाभळी उभ्या राहिल्या. पाटबंधाऱ्याच्या वहीत ही सगळी तूट. पण खोल जलाशयात पक्ष्याला विशेष काही मिळत नाही. त्याचं पोट भरतं ते घोटाभर ते गुडघाभर पाण्यात. शेकाट्या लांब पायांवर चिखल टोचत फिरतो. टिलवे आणि तुतवार त्याहून उथळ काठ धरतात. चमचा अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. थापट्या बदक रुंद चोचीने पृष्ठभाग गाळून घेतं, तर तलवार बदक शेपटी वर करून मान तळापर्यंत नेतं. मुग्धबलाक गोगलगाई आणि शिंपले शोधतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या कोवळ्या देठांवर जगते, कमळपक्षी तरंगत्या पानांवरून पळतो. वीतभर खोली बदलली की पाहुणा बदलतो. इथली विविधता अशी गाळाच्या उंचसखलपणातून आली आहे.

या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. लोक ही तुलना पक्ष्यांच्या गर्दीवरून करतात. मला ती बांधामुळे पटते. भरतपूरचं केवलादेवही माणसाने पाणी अडवून, दारं घालून घडवलेलं आहे, आणि तिथेही बांधातून पाणी आलं नाही तर पक्षी येत नाहीत.

१९८६ मध्ये इथे सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यातलं १,४३७ हेक्टर क्षेत्र २०१९ ची तारीख घेऊन आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. जानेवारी २०२० मध्ये ती बातमी आली. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आल्या. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ सजीव प्रजातींचा उल्लेख आहे आणि त्यांत एक छोटा मासाही आहे, ज्याचं इंग्रजी नाव आपल्या देवळालीवरून पडलं. नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा हा मासा. दुर्बिणीतून तो दिसणार नाही, पण बगळ्यांइतकंच त्याचंही हे घर आहे.

पाहायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि उजाडायच्या आत. निफाडमार्गे चापडगावला पोचलं की निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातलेच गाईड आहेत. त्यांच्याबरोबर जावंच. नवख्याला जिथे नुसता काळा ठिपका दिसतो, तिथे ते वारकरी कुठला आणि गढवाल कुठला हे उडण्याच्या ढबीवरून सांगतात. गरम कपडे विसरू नयेत. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्यांपैकी आहे, आणि कडाक्याच्या पहाटे वाटेवरच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या दिसतात. हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब या थंडीत निवांत असतो. उसात बिबट्या असतो, म्हणून अंधारात एकट्याने बांधावरून हिंडू नये.

पाण्याकडे पाठ केली की दुसरंच जग सुरू होतं. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, येवल्याकडे जेमतेम पाचशे. त्या पर्जन्यछायेतल्या माळावर चंडोल, तित्तिर, धाविक भेटतात. भोवते गवताला लागून, पंख किंचित वर धरून शिकार शोधतात आणि दिवस मावळला की गवतातच मुक्कामाला उतरतात. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या राखीव क्षेत्रात हा माळ काळविटांसह टिकून आहे. नाशिकला येणाऱ्या पक्षीप्रेमींनी एक दिवस पाण्याला आणि एक माळाला द्यावा. माळाला ‘पडीक’ म्हणून आपण फार गमावलं आहे.

नांदूरला आज धोका दोन बाजूंनी आहे. शहरातून सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी पोसते आणि उघडं पाणी झाकत जाते. दुसरी बाजू पातळीची. कालव्याच्या आवर्तनासाठी वरच्या धरणातून पाणी सुटलं की बेटं बुडू शकतात, बंद झालं की काठ उघडे पडतात, आणि चोच घालायची जागा रात्रीत सरकते. शेतकऱ्याचं पाणी तोडा, असं कोणी म्हणणार नाही. त्या पाण्यासाठीच बंधारा आहे. गाळ काढण्याची मागणीही समजण्यासारखी आहे, पण इथला गाळ इतर तलावांसारखा सरसकट उपसला, तर अभयारण्यच उपसलं जाईल. उपसायचा तर कालव्याच्या तोंडाशी, मोजून. आणि कालवा सल्लागार समिती हिवाळी आवर्तन ठरवते, तेव्हा पिकांच्या क्षेत्राबरोबर पक्षीगणनेचे आकडेही तिच्यापुढे असायला हवेत, म्हणजे पाणी चढवायचं-उतरवायचं ते एकदम न करता काही दिवसांत विभागून करता येईल.