निकाल राखून ठेवला आहे

लेखमाला : कोर्टाची पायरी
लेखांक 9

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत रात्रीची जेवणं आटोपली की ओटीटीवर एखादा अमेरिकी कोर्टपट लागतो. त्यातली ज्युरीची खोली आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. दार बंद, आत बारा माणसं आणि बाहेर बायकोच्या खुनाचा आरोप असलेला नवरा घड्याळाकडे बघतोय. अशा वेळी घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘आपल्याकडे किती वेळ लावतात हो ज्युरीवाले?’

आपल्याकडे ज्युरीवालेच नाहीत. सरोजिनी नगरच्या ठाण्यात नोंदलेला खून असो की पुण्याच्या, सत्र न्यायालयात निकाल एकटा न्यायाधीश लिहितो. पण प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. कुणी पाहिलेलं नाही, हत्याराला हात लावलेला माणूस कुणाला दिसलेला नाही, घरात फक्त नवरा-बायको होती आणि त्यातली एक गेली, अशा खटल्यात निकालाची वाट बघणं म्हणजे नेमकी कशाची वाट बघणं, हे या लेखांकात पाहायचं आहे.

मराठी माणसाच्या आठवणीत ज्युरीची एक प्रतीक्षा पक्की रुतलेली आहे. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात टिळक उभे होते. राजद्रोहाच्या आरोपाला उत्तर देताना त्यांनी स्वतःच दिवसचे दिवस युक्तिवाद केला होता. न्यायमूर्ती दावर यांचं समालोचन संपल्यावर रात्री आठच्या सुमारास ज्युरी आत गेली आणि तासाभराने परतली. सात विरुद्ध दोन, दोषी. सात का आणि दोन का, हे कुणी विचारलं नाही, विचारताही आलं नसतं. ज्युरीने कारणं द्यायची नसतात. ती एक शब्द सांगते आणि घरी जाते.

तो एक शब्द परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात किती धोक्याचा ठरू शकतो, याचं उदाहरण लिव्हरपूलचं आहे. विल्यम हर्बर्ट वॉलेस हा विमा कंपनीचा वसुली एजंट. 19 जानेवारी 1931 च्या संध्याकाळी त्याच्या बुद्धिबळ क्लबात फोन आला : उद्या रात्री मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे क्वाल्ट्रो नावाच्या गृहस्थांना भेटा, विम्याचं काम आहे. दुसऱ्या रात्री वॉलेस ट्राम बदलत तिकडे गेला. त्या भागात मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ होतं, साउथ होतं, वेस्ट होतं. ईस्ट नव्हतंच. पत्ता शोधून, लोकांना विचारून तो परतला, तेव्हा बायको ज्युलिया दिवाणखान्यात मरून पडलेली होती.

सरकारी पक्षाचं म्हणणं, फोन वॉलेसनेच केला. पत्ता विचारत फिरला तो साक्षीदार जमवण्यासाठी. बचाव पक्षाचं म्हणणं, दूधवाल्या पोराने ज्युलियाला संध्याकाळी जिवंत पाहिलं आणि त्यानंतर ट्राम गाठायला वॉलेसकडे जेमतेम काही मिनिटं होती. तेवढ्यात खून करून अंगावर रक्ताचा थेंब न ठेवता तो निघेल कसा? गंमत अशी की प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंना चालते. पत्ता विचारणारा माणूस निरपराध असला तरी असाच वागेल आणि कावेबाज असला तरी असाच. न्यायाधीशांचा कल समालोचनात सुटकेकडे दिसत होता. ज्युरी आत गेली आणि साधारण तासाभराने बाहेर आली : दोषी. फाशी. पुढच्याच महिन्यात अपील न्यायालयाने, पुराव्यावरून हा निष्कर्ष टिकत नाही म्हणून, ती शिक्षा रद्द केली. वॉलेस सुटला, पण शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही. दोन वर्षांत वारला.

अमेरिकेत ओहायोच्या डॉ. सॅम शेपर्डच्या खटल्यात पहिली ज्युरी पाच दिवस बसली होती. 1954 साली तिने त्याला बायकोच्या खुनासाठी दोषी धरलं. 1966 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांच्या गदारोळामुळे खटला निष्पक्ष झाला नाही असं ठरवलं आणि त्याच वर्षी दुसऱ्या ज्युरीने त्याला सोडलं. एक ज्युरी तासाभरात ठरवते, दुसरी पाच दिवस घेते. जास्त वेळ लागला म्हणून निकाल जास्त पक्का असतो, असं काही नाही.

भारतातली ज्युरी नानावटी खटल्याने बुडवली, असं कट्ट्यावर हमखास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 1959 मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदलातल्या कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली, हे खरं. पण ज्युरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, 1958 मध्ये, केलेली होती. आणि काही प्रांतांत ज्युरी त्यानंतरही चालूच राहिली. शेवटी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ 1986 चा. त्यातले बारा जण ज्या खोलीत भांडतात तशी खोली तोवर देशातल्या एकाही फौजदारी कोर्टात उरली नव्हती, हे सिनेमा बघताना सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ज्युरी गेली, प्रतीक्षा राहिली. फक्त तिचं रूप बदललं. आपल्याकडे अंतिम युक्तिवाद संपले की न्यायाधीश म्हणतात, निकाल राखून ठेवला आहे, आणि तारीख देतात. त्या तारखेला पुकारा होतो, आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो आणि कधी कधी पुढची तारीख मिळते. निकाल दिलाच तर भर कोर्टात बहुतेक वेळा शेवटचा आदेशच वाचला जातो. दोषी ठरल्यास शिक्षेवर वेगळी सुनावणी, म्हणजे पुन्हा वाट पाहणं. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

सरोजिनी नगरपासून काही किलोमीटरवर, गोल मार्केटच्या तशाच सरकारी फ्लॅटांच्या वस्तीत 2 जुलै 1995 च्या रात्री नैना साहनीचा खून झाला. तिच्याबरोबर राहणारा युवक काँग्रेसचा नेता सुशील शर्मा याच्यावर आरोप होता. दोघांचं लग्न झालं होतं, पण ते जगापासून लपवलेलं होतं. अशोक यात्री निवासातल्या ‘बगिया’ रेस्टॉरंटच्या तंदुरातून उठणाऱ्या ज्वाळा आधी एका भाजीवालीला दिसल्या, मग गस्तीवरचा शिपाई अब्दुल नझीर कुंजू भिंत चढून आत गेला. जळालेल्या देहाची पहिली शवचिकित्सा भाजल्याने मृत्यू असं सांगत होती. दुसऱ्या तपासणीत गोळ्या सापडल्या. ओळख पटवायला हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली. गोळी झाडताना कुणी पाहिलं नव्हतं.

सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो 3 नोव्हेंबर 2003 ला. घटनेला आठ वर्षं उलटून गेली होती. चार दिवसांनी फाशी, 2007 मध्ये उच्च न्यायालयात ती कायम, आणि 8 ऑक्टोबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. त्या खंडपीठावर मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई होत्या. दोष मात्र तिन्ही पायऱ्यांवर टिकला, कारण शेवटपर्यंत साखळीची कडी तुटली नाही : फ्लॅटमधलं रक्त, गोळ्या, गाडी, तंदुरापाशी पाहिलेला माणूस, त्यानंतरचं पळून जाणं.

ही साखळी कशी तपासायची हे देशभरातल्या न्यायाधीशांनी ज्या निकालावरून शिकून घेतलं, तो मात्र पुण्याचा आहे, आणि त्यात आरोपी सुटला.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बीडची मंजू 11 फेब्रुवारी 1982 ला लग्न होऊन पुण्यात आली आणि 11 जूनच्या रात्री, लग्नाला बरोबर चार महिने होत असताना, मरण पावली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला. प्रश्न एवढाच होता की ते कुणी दिलं, की तिनेच घेतलं. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. मग प्रकरण दिल्लीला गेलं आणि तिथे प्रतीक्षा संपली ती 17 जुलै 1984 ला.

कोर्टापुढे मंजूची पत्रं होती, बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. सासरी आपलं काही खरं नाही, नवऱ्याचं लक्ष नाही, भीती वाटते, अशा भावनांची. खालच्या दोन न्यायालयांनी त्यांत छळ वाचला आणि छळात खुनाकडे नेणारी वाट पाहिली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फझल अली यांनी तीच पत्रं वाचली आणि त्यांना दिसली मनाने खचलेली, हळवी, जीव देऊ शकेल अशी मुलगी. ही पत्रं पुराव्यात घ्यावीत का, यावरही तिन्ही न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं. अक्षर तेच, कागद तोच, आणि एका कोर्टात त्याचा अर्थ फाशी, दुसऱ्यात सुटका. ज्युरी असती तर यातलं कोणतं वाचन तिने केलं, हे कुणालाही कळलं नसतं.

विषप्रयोगाच्या खटल्यात सरकारी पक्षाला हेतू, विषाने झालेला मृत्यू, आरोपीकडे विष असणं आणि ते देण्याची संधी अशा चार गोष्टी दाखवाव्या लागतात. आरोपीकडे सायनाइड होतं, हे सिद्ध झालं नव्हतं. शिवाय जी परिस्थिती आरोपीपुढे त्याच्या जबाबाच्या वेळी मांडलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असंही न्यायालयाने ठणकावलं. खून आणि आत्महत्या या दोन्ही शक्यता शिल्लक राहिल्या, आणि जिथे दोन राहतात तिथे आरोपीला संशयाचा फायदा.

याच निकालात फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याच्या कसोट्या एकत्र बांधल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पुरती शाबीत झालेली हवी. ‘झालं असेल’ आणि ‘झालंच’ यांतलं अंतर मोठं आहे, हे ते महाराष्ट्रातल्याच 1973 च्या बोबडे खटल्याचा हवाला देऊन सांगतात. शाबीत झालेल्या गोष्टी फक्त अपराधाशीच जुळायला हव्यात, त्यांचं स्वरूप निर्णायक हवं, दुसरी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी, आणि सगळी साखळी इतकी पूर्ण हवी की निरपराधपणाला जागाच उरू नये. आज तालुक्याच्या ठिकाणच्या सत्र निकालातही हा उतारा सापडतो. अनेकदा तो यांत्रिकपणे डकवलेला असतो, हेही सांगायला हवं.

पुण्याला हा निकाल पचला नाही. विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने मंजूच्या मृत्यूनंतर ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. कायद्याच्या विद्यार्थ्याला जो निकाल सावधगिरीचा धडा वाटतो, तोच त्या प्रदर्शनासमोर थांबलेल्या बायकांना घरात झालेल्या मृत्यूचा हिशेबच न लागल्यासारखा वाटला. दोन्ही वाटणं समजण्याजोगी आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही.

याच पुण्याने पंचवीस वर्षं आधी उलट प्रकार पाहिला होता. डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यावर लक्ष्मीबाई कर्वे या विधवा पेशंटला 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या रेल्वे प्रवासात विष देऊन मारल्याचा आणि मग तिची मालमत्ता लाटल्याचा आरोप होता. देहात विष सापडलंच नाही. तरी डॉक्टरांनी मृत्यू लपवण्यासाठी रचलेल्या खोट्या पत्रांची आणि व्यवहारांची रांग इतकी लांब होती की फाशी सर्वोच्च न्यायालयातही टिकली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र विरोधी मत लिहिलं. म्हणजे त्या खोलीतही एक जण ‘नाही’ म्हणत होता. फरक इतकाच की त्याचं ‘नाही’ कारणांसकट छापलं गेलं आणि आजही वाचता येतं.

अर्थात घराच्या दाराआड झालेल्या खुनात सरकारी पक्षाने प्रत्येक मिनिटाचा हिशेब कुठून द्यायचा? औरंगाबाद खंडपीठातून वर गेलेल्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात पतीचं म्हणणं होतं, बायकोला साप चावला. वैद्यकीय पुरावा गळा दाबल्याचा होता. 11 ऑक्टोबर 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवताना म्हटलं की घरातल्या गुप्ततेत गुन्हा घडला तर घरात असलेल्यांना पटण्याजोगा खुलासा करावा लागेल. आधार पुरावा कायद्याचं कलम 106. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 109 झालं. मात्र सरकारी पक्षाने आपली साखळी आधी उभी केल्यावरच नवऱ्याच्या गप्प बसण्याला किंवा खोट्या खुलाशाला वजन येतं. बचावाचे वकील हा क्रम कोर्टाला पुन्हा पुन्हा आठवून देतात, आणि सरकारी वकील तो शक्य तितका सैल धरतात.

वाट बघण्याला आता कायद्याने कुंपण घातलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 258 प्रमाणे सत्र न्यायालयाने युक्तिवाद संपल्यापासून तीस दिवसांत निकाल द्यायचा; कारणं नोंदवून तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबवता येतो. उच्च न्यायालयांसाठी 2001 च्या अनिल राय खटल्यातल्या सूचना आहेत : तीन महिने उलटले तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे नेण्याची मागणी करू शकतो. प्रत्यक्षात आपल्याच प्रकरणाच्या न्यायाधीशाकडे असा अर्ज करायला पक्षकार कचरतो, हे कोणताही वकील खासगीत सांगेल. दोषी ठरलेल्याला निकालाची प्रत मात्र तिथेच, विनामूल्य मिळते. अपिलाची तयारी त्याच संध्याकाळी त्या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा करून सुरू होते.

(पुढील लेखांकात : आरोपीचा जबाब. न्यायाधीशांनी न विचारलेला प्रश्न खटला कसा फिरवतो.)