चौघांचा फड आणि सारखी वाटणी

गावात नवे भजनी मंडळ उभे राहते तेव्हा काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिली दोन वर्षे सगळे झटून येतात. पखवाज उसना आणलेला, पेटी वर्गणीतून घेतलेली. मग परगावाहून बोलावणे येते, चार पैसे बिदागी मिळते आणि तिथेच माशी शिंकते. गाणारा म्हणतो माझ्या गळ्यामुळे, पखवाजवाला म्हणतो माझ्या हातामुळे. एका मंडळाची दोन होतात आणि दोन्ही बसतात.

म्हणूनच सातासमुद्रापलीकडच्या चार तरुणांची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यांचे गाणे आपल्या कानाच्या ओळखीचे नाही. पण त्यांचा आपसातला हिशेब मात्र ऐकण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचे राज्य आहे. कापूस आणि भुईमुगाचा हा मुलूख. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर इथलेच भुईमूगवाले. याच राज्यात अथेन्स नावाचे विद्यापीठाचे शहर आहे. १९८० साली तिथे पीटर बक हा तरुण तबकड्यांच्या दुकानात काम करी. मायकेल स्टाइप हा चित्रकला शिकणारा विद्यार्थी तिथे गिऱ्हाईक म्हणून येई. बकने स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या तबकड्याच नेमक्या स्टाइपला हव्या असत. आवड जुळली, मैत्री झाली. पुढे मेकन गावचे दोन मित्र त्यांना येऊन मिळाले. बिल बेरी ड्रम वाजवणारा आणि माइक मिल्स खर्जाची गिटार वाजवणारा. गंमत पाहा, शाळेत असताना या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. वाजवता वाजवता दोस्ती झाली.

बक आणि स्टाइप एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये राहत. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे तिथेच पहिल्यांदा लोकांपुढे वाजवायला उभे राहिले. तेव्हा फडाला नावसुद्धा नव्हते. पुढे शब्दकोश उघडून स्टाइपने तीन अक्षरे उचलली आणि नाव पडले ‘आर. ई. एम.’

आता तुम्ही म्हणाल, नाव झाले, गाणे जमले, मग पैसा आलाच असेल. तसे काही नव्हते. एका जुन्या निळ्या गाडीत वाद्ये कोंबून चौघे गावोगाव हिंडत. जेवणाखाण्याला माणशी दिवसाला दोन डॉलर. पहिली तबकडी १९८१ साली एका छोट्या कंपनीने काढली, ती आधी अवघ्या १००० प्रतींची. त्यातल्या ६०० तर नाव व्हावे म्हणून फुकट धाडल्या. तिचे ध्वनिमुद्रण मिच ईस्टर या तरुणाने आपल्या आईवडिलांच्या मोटारखान्यात थाटलेल्या स्टुडिओत केले होते.

मग कंपन्या दारात आल्या. मोठी कंपनीही होती; पण यांनी आय. आर. एस. ही लहान कंपनी निवडली. पहिल्या मोठ्या तबकडीसाठी कंपनीने एक नावाजलेला निर्माता दिला. तो एकच गाणे पुन्हा पुन्हा वाजवून घेई. चौघांना ते रुचले नाही. आमचा ईस्टरच बरा, असे त्यांनी कंपनीला सांगितले. ‘मर्मर’ ही ती तबकडी १९८३ साली निघाली. वर्षाअखेर सुमारे दोन लाख प्रती खपल्या. कंपनीला हा खप कमीच वाटला; पण ‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे सारून तिला वर्षातली सर्वोत्तम तबकडी ठरवले.

या तबकडीच्या वेष्टनावर कुडझू वेलाचे चित्र आहे. शेतकऱ्याने ते जरूर पाहावे. जमिनीची धूप थांबावी म्हणून १९३० नंतर अमेरिकन सरकारनेच शेतकऱ्यांना पैसे देऊन हा वेल लावायला लावला. पुढे तो झाडे, घरे, खांब सगळे झाकू लागला. आपल्याकडच्या गाजरगवतासारखी डोकेदुखीच झाली म्हणा ना.

आता मूळ मुद्दा. गाणे कोणीही सुचवलेले असो, तबकडीवर चौघांचीही नावे लागत आणि पैशाची वाटणी सारखी होई. कोणताही निर्णय चौघांच्या संमतीनेच. एकजण नाही म्हणाला की तो विषय संपला. पुढे लाखोंनी तबकड्या खपल्या तरी हा नेम मोडला नाही. गळा कोणाचा आणि हात कोणाचा, हा वादच मुळात उगवला नाही.

खरी कसोटी नंतर आली. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये भर कार्यक्रमात बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. शस्त्रक्रियेने जीव वाचला. पण त्याचे मन या धावपळीतून उठले. माझ्या जाण्याने फड मोडणार असेल तर मी राहतो, असे त्याने साथीदारांना सांगितले. तिघांनी त्याला अडवून धरले नाही. १९९७ साली तो मोकळा झाला आणि जॉर्जियातल्या आपल्या शेतावर गवत पिकवू लागला. होय, जगभर गाजलेला तो वादक शेतकरी झाला!

उरलेल्या तिघांनी २०११ साली भांडण न करता फड थांबवला. आणि २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या गौरव सोहळ्यात चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. वाटणी स्वच्छ होती, म्हणूनच इतक्या वर्षांनी एकमेकांच्या शेजारी उभे राहता आले.

भजनी मंडळ असो, सामाईक विहीर असो की भावाभावांची शेती. हिशेब पहिल्या दिवशीच, पैसा दिसायच्या आधी ठरवा. पीक हाती आल्यावर बांध घालायला गेले की भांडणच उगवते. पटते का बघा.