अंबिका धुरंधर : कन्या आणि चित्रकर्ती

अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकर्ती रोझ-अदेलाईद द्युक्रो (१७६१–१८०२) चित्रकार पित्याची कन्या होती. स्वतःच्या चित्रात ती हार्प वाजवताना दिसते. आपल्याकडे अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवली. वडील महादेव विश्वनाथ धुरंधर तेथेच अध्यापक होते. दोघांचीही आत्मचरित्रे आहेत. त्यांची शीर्षकेच पाहा. पित्याचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. त्यात संस्था आहे, सेवेचा हिशेब आहे. कन्येचे ‘माझी स्मरणचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४) आपणांस आठवतीलच. तेथे ‘चित्र’ हे रूपक, येथे तो व्यवसायही. शिवाय ‘माझी’ हे सर्वनाम! समीक्षक मात्र अंबिकाबाईंची ओळख बहुधा पित्यापासून सुरू करतात. ग्रंथ वाचताना कर्तरी वाक्यांत कर्ता कोण, वडील की ‘मी’, याची नोंद ठेवा.